पाठ केलेला चार्ट

सोमवार, नऊ मार्च. ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी ट्रायल सेटमधल्या काचा पुसत होते. नंबर काढताना डोळ्यांसमोर बदलतात त्या गोल काचा. अर्धी पेटी झाली आणि एक सासू नव्या सुनेला घेऊन आत आली.

"बाय, हलद गेलीय हिच्या डोल्यान. काल लग्नाची हलद उतरवताना पोरींनी जाम मस्ती केली. थेंब द्या न् सोडा, घरान पावनं हायेत."

मुलीचा उजवा डोळा लाल, कोपरापर्यंत हिरवा चुडा. केसपेपर नवीन काढलेला. नाव प्रणाली. 'पूर्वीचा त्रास' या रकान्यात 'काही नाही'.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुमची नजर तपासणारी. पनवेलमध्ये बावीस वर्षं हेच करते. पेशंट सांगतो ते सगळं लिहून घेते, लगेच खरं मात्र धरत नाही.

डावा डोळा झाकून तिला वाचायला सांगितलं. पाणी गळणाऱ्या लाल डोळ्यानं तिनं शेवटची ओळ घडाघडा म्हटली. निरोगी डोळ्याचा माणूसही त्या ओळीवर अडखळतो, डोळा बारीक करतो. ही कुठेच थांबली नाही.

आमचा चार्ट स्क्रीनवर आहे. रिमोटचं बटण दाबलं की अक्षरं बदलतात. घाईत ते कोणी दाबत नाही, त्यामुळे सकाळी जो चार्ट लागतो तोच संध्याकाळपर्यंत चालतो, आणि रोज तोच लागतो. मी बटण दाबलं.

"आता वाच."

"वाचलं ना मॅडम."

"परत वाच."

तिसऱ्या ओळीला गाडी बंद पडली.

तिला स्लिट लॅम्पवर बसवलं. डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र ते. नवीन पेशंट विचारतो, हनुवटी कुठे ठेवू? हिनं मी सांगायच्या आत ठेवली, कपाळही पट्टीला टेकवलं. आत पाहिलं तर दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या कडेला फिकट गोल रेघ. लेसिक झालेलं होतं, आणि फार दिवसांपूर्वीचं नाही.

लेसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून उचलतात. खाली लेझरनं आकार देतात आणि पापुद्रा परत झाकतात. त्याला फ्लॅप म्हणतात. टाके नसतात. म्हणून सुरुवातीचे आठवडे डोळा चोळायचा नाही, डोळ्यात काही जाऊ द्यायचं नाही. हिच्या उजव्या डोळ्यातला फ्लॅप सरकला होता. नीट न अंथरलेल्या चादरीसारख्या सुरकुत्या दिसत होत्या. लवकर उचलून, धुऊन बसवला तर बहुतेक वेळा जातात. उशीर झाला तर मुरतात, आणि मग नजर कायमची वेडीवाकडी. चष्म्यानंही ती पुरती सुधारत नाही.

"आई, बाहेर बसता जरा? अंधार करायचाय."

अंधारासाठी कोणाला बाहेर काढावं लागत नाही. सासूबाई माझ्याकडे एकदा नीट बघून बाहेर गेल्या.

"ऑपरेशन कुठे केलंस?"

"कसलं ऑपरेशन?"

"प्रणाली, इथेच केलंस. माहेरच्या नावाची फाईल मी पाच मिनिटांत काढते."

ती चुड्याशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "अठरा दिवस झाले. बघायला आले तेव्हा माझ्या आईनं चष्मा काढायला लावला होता. साखरपुड्यालाही नव्हता. आता कसं सांगू? पाच नंबर होता मॅडम. फसवलं म्हणतील."

"काल डोळा चोळलास?"

"नणंदेनं टॉवेलनं पुसला. नको कसं म्हणू?"

"मी बाहेर काही सांगणार नाही. डॉक्टरांना मात्र आत्ताच सांगणार. तुला आज ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंय. बाहेर काय सांगायचं ते तू ठरव, पण थेंब घेऊन घरी गेलीस तर हा डोळा असाच राहील."

ती उठली आणि बाहेर गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"आई, मला चष्मा होता."

"म्हाईत हाय."

"काय?"

"बघायला आलो तवा तुझ्या नाकावर दोन खड्डं व्हतं. चष्मा काय आमाला म्हाईत नाय? तुझी आय सांगल म्हून वाट बघत व्हती. लग्न लागला तरी नाय बोलली!"

"आई, ऑपरेशन पण केलंय. लेझरचं. ते बिघडलंय, आज परत करायला लागेल."

सासूबाई उठल्या. मग आवाज चढला. "आनि काल तोंड पुसून घेतलास? डोल्यापेक्षा नणंदेची भीती जास्त? चल पयली आत. पावनं जेवतील त्यांचं त्यांचं."

दुपारी डॉक्टरांनी फ्लॅप उचलून धुतला, ताणून बसवला, वर संरक्षणासाठी साधी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली. मी जुनी फाईल काढून पाहिली. 'डोळा चोळू नये, पोहू नये, मेकअप करू नये', खाली प्रणालीची सही. तिला या सूचना वाचून दाखवल्या होत्या मीच. लग्न कधी आहे हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिच्या नाकाकडेही मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा सुरकुत्या गेल्या होत्या. बसायच्या आधीच मी चार्ट बदलला. शेवटून दुसरी ओळ तिनं हळूहळू, एक अक्षर चुकत वाचली. ती चूक पाहून मला बरं वाटलं. ती गेल्यावर मी लेसिकचा फॉर्म कॉम्प्युटरवर उघडला आणि सहीच्या वर एक ओळ टाकली: 'येत्या तीन महिन्यांत तुमचं किंवा घरात कोणाचं लग्न आहे का? हळद कधी?' पन्नास प्रिंट काढल्या आणि राहिलेल्या काचा पुसायला घेतल्या.