अक्कांच्या कुकरातलं टॉन्सिल

हे जसं घडलं तसं मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्याला तर मी बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं तेही सांगते.

तशी गोष्ट हसण्यासारखीच आहे. जळगावच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथे नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कुकरचा किस्सा सांगते. मुलं हसतात, मीही हसते. फक्त — त्या किश्श्यात एक माणूस कमी असतो. आणि कुकर माझ्या आईचा असतो. फैजपूरच्या माझ्या आईने तो कुकर कधी पाहिलेलासुद्धा नाही.

तेव्हा मी याच कॉलेजात पीएच.डी. करत होते. आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, पीडी-एल-वन. धावून येणाऱ्या संरक्षक पेशींना ते म्हणतं, थांबा, आपलंच माणूस आहे. कर्करोगाच्या गाठीही हेच प्रथिन दाखवून सुटतात. ते शोधायला आमच्याकडे एक अँटिबॉडी होती, करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत. ती नेमकी त्या प्रथिनाला चिकटते, आणि वरून रंग घातला की तिथे तपकिरी डाग उमटतो.

आमच्याकडे उमटत नव्हता. अँटिबॉडी चालते का हे तपासायला काचपट्टीवर चिकटवलेला टॉन्सिलचा पातळ काप घेतात, कारण तिथे हे प्रथिन हमखास सापडतं. दोन महिने माझ्या टॉन्सिलवर एक ठिपका नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, कुपीच खराब आली. कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायलाही बसले.

सिंधूअक्का आमच्याकडे काचसामान धुवायच्या. कित्येक वर्षं, रोजंदारीवर. रंग घालण्याआधी मी काप तासभर गरम पाण्यात ठेवते, म्हणजे आत दडलेलं प्रथिन मोकळं होतं, हे त्या रोज बघत होत्या. एक दिवस बरण्या विसळता विसळता आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "ताई, औषध खराब नही शे. आच कमी शे."

मी हसले. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून घरचा कुकर घेऊन आल्या.

आम्ही दोघींनी काचा आत लावल्या, झाकण घट्ट केलं. पहिली शिट्टी झाली तसे ऑफिसमधले क्लार्क नाना दारात — "आज खिचडी का?" काय हसलो आम्ही त्या दिवशी! आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर टॉन्सिलच्या घडीघडीला तपकिरी काठ. अक्कांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, मेंदी रंगली.

मग सर आले. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं. विचारलं, "हे कुणाला सुचलं?"

अक्का नळापाशी उभ्या होत्या. हात लांबवला असता तर पदराला लागला असता.

मी म्हणाले, "मला, सर. एका पेपरमध्ये वाचलं होतं."

घाबरले होते, असं म्हणू? नाही हो — मी आनंदात होते. आनंदात माणूस उदार होतो म्हणतात ना? मी नाही झाले. आणि अजून एक सांगायचं राहिलंच — त्याच महिन्यात अक्कांना कायम करण्याचा अर्ज सरांच्या टेबलावर होता. मला ते माहीत होतं. त्यात एवढी एक ओळ पडली असती तर तो मंजूर झाला असता का? कोण जाणे. ती ओळ पडली नाही, आणि अर्जही पुढे सरकला नाही. मला मात्र नोकरी लागली. अक्कांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं — त्यांच्या टापटिपीवर. टापटिपीवर!

मागच्या महिन्यात कामासाठी धुळ्याला गेले होते. अक्का आता तिथे लेकीकडे असतात. मला पाहून इतक्या खूश झाल्या की दारातच हात धरला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर तेलाची धार. दुसऱ्या भाकरीपर्यंत मी इकडचं तिकडचंच बोलत होते. तिसरीला धीर केला. म्हणाले, "अक्का, त्या कुकरच्या दिवशी सरांना तुमचं नाव सांगायचं मी विसरूनच गेले हो."

बघा — कबूल करायला गेले, तेही खोटं बोलून.

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. म्हणाल्या, "इसरी नही गयात तुम्ही, ताई. सरनी इचारं तवय तुम्ही पहिले मन्हाकडे देखं." आणि चौथी भाकरी माझ्या ताटात टाकली.

मी बघितलं होतं. त्यांच्याकडे नीट बघितलं होतं, आणि मग सरांकडे वळून बोलले होते.