कालवडीचं वय

सरकारने मला एक खोली दिली, एक कुरकुरणारा पंखा दिला आणि दारावर पाटी दिली : 'किशोरवयीन समुपदेशन केंद्र'. पाटी इतकी ठळक, की खोलीत शिरलेली मुलगी परतीच्या एसटीत बसायच्या आत तिच्या आईला बातमी लागावी. कोवळ्या वयात मुलींना दिवस जाऊ नयेत, म्हणून ही योजना. मुली अर्थातच फिरकल्या नाहीत. कित्येक दिवस मी तिथे माशा मारल्या.

मग वरून हुकूम आला, गावोगाव जाऊन पालकांना भेटा. मी मंगळवार पेठेतली, कुणाच्या बापाला न भिणारी. बिद्रीजवळच्या एका गावात दूध संस्थेसमोर मी पोस्टर उलगडलं, आणि रांगेतले बाप्ये असे पांगले, जणू मी वर्गणी मागायला आले होते.

थांबली एकटीच, किटली घेऊन आलेली अकरावीतली एक मुलगी. म्हणाली, "मॅडम, पोस्टर ऱ्हाऊ द्या. माझी सुपारी फुटलीया. सतरावं सरायच्या आत लगीन हाय. आमच्या आबांना तेवढं थांबवा."

मला त्या क्षणी तिच्या आबांचा असा राग आला, की विचारू नका. कायद्याचा बडगा होताच, आणि वेळ पडली असती तर मी तो उगारलाही असता. पण पोलीस पोचायच्या आत अशी लग्नं पाहुण्यांच्या गावात उरकतात, हे मी पाहिलं होतं. आधी माणसाला बोलतं करावं म्हटलं. संस्थेत येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना मी कटात घेतलं आणि संस्थेच्या फळ्यावर लिहून टाकलं : 'कालवड कोणत्या वयात भरवावी? मार्गदर्शन व चहा.'

हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत आबा. गावातली सगळ्यात देखणी जनावरं त्यांची, त्यामुळे डॉक्टरांना तोंड उघडायची संधीच मिळेना.

"माजावर आली म्हंजी लगीच भरवून गाभण करायची न्हाई," आबा सगळ्यांना समजावू लागले. "वजन भरू दे, हाडं पोसू देत. घाई केली तर कालवड बी जात्या आन वासरू बी."

माना डोलल्या. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मी मागून उठले.

"आणि आबा, मुलगी केवढी व्हावी?"

आबा लाल झाले. "मॅडम, माणसाची पोर आन जनावर एक हाय व्हय?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. ते देण्याची पाळीच आली नाही. दाराशी बायका बसल्या होत्या, त्यांतून त्या मुलीची आई, आबांची बायको, उभी राहिली.

"एक न्हाईच," ती म्हणाली. "जनावराला तुम्ही जपतासा. मला सोळाव्या वर्षी दिवस गेलं, तवा माझी हाडं पोसल्यात का न्हाई, कुणी बघितलं न्हाई. पयलं पोरगं गेलं. मी कशीबशी वाचलो."

माझी सगळी चलाखी मला एकदम पोरकट वाटली.

"उद्या पावण्यांकडं जावा," ती आबांना म्हणाली. "अठरा सरल्याबिगर आन शिक्षान झाल्याबिगर पोर द्यायची न्हाई म्हणून सांगा. तुमास्नी जमत नसंल तर मीच जातो की."