अंबाडीचा दोर
ओल्या अंबाडीचा वास आला, की मला माझं गाव बदनापूर न्हाई, दूरचं एक बेट आठवतं. निजामाच्या राज्यातली मी नवी नवरी, ह्यांच्या नोकरीपायी तिकडं निघाले, तेव्हा आईनं विहिरीचा लांबलचक दोर ट्रंकेत कोंबला. "कुठंबी जाय बाई, पाणी खोलच राहतं." समुद्राकाठच्या त्या घरी मात्र विहिरीत नुसता हात घातला, की गोडं पाणी लागायचं. एका दुपारी तो बिनकामाचा दोर बघून मला रडू फुटलं. "मंग ह्याचा झोका करू," म्हणत ह्यांनी तो नारळाच्या दोन झाडांना बांधला अन् त्यात लुगड्याची झोळी केली. लाटा ऐकत, पाण्याचा घोर नसलेली झोप मी पहिल्यांदा घेतली. गावी परतल्यावर त्याच दोरानं जन्मभर पाणी ओढलं. आता घरात नळ आलाय. तरी दुपारी डोळा लागेना, तर मी तो दोर उशाला घेते.