नसीमबानूंचा निसरडा लेप

नसीमबानू बागवान कोथरूडमधल्या एका लहानशा कंपनीत लघवीच्या नळ्यांना लेप लावण्याचं काम करत. नातेवाइकांत त्या एवढंच सांगत, की "मी मेडिकलमध्ये आहे." त्यामुळे अर्ध्या गोतावळ्याची समजूत अशी, की बानूचं औषधांचं दुकान आहे, लग्नकार्यात बिर्याणीनंतर लोक त्यांच्याकडे हक्कानं पित्ताच्या गोळ्या मागत, आणि त्या पर्समधून काढून देतही. खरं काम फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. हमीदचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान. बायको जेवताना जंतूंची खुशाली अशी सांगायची, की हमीदला ते सासरकडचेच वाटू लागले होते.

ज्यांचं मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही, त्यांना ही नळी कायम वागवावी लागते. तिच्यावर जंतू घर करतात. त्यातले काही खट जंतू लघवीतल्या क्षारांचा चुन्यासारखा थर चढवतात. नळी तुंबते, माणूस तापानं फणफणतो. जंतू मारणारे लेप बाजारात होते, पण नसीमबानूंचं मन त्यांच्यावर बसेना. "मेलेले उचलायला कोण येतंय? त्यांच्यावरच नवे येऊन बसतात," त्या म्हणत. म्हणून मारण्याऐवजी बसूच न देणारा, ओला झाला की शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा होणारा लेप त्यांनी वर्षानुवर्षं खपून बनवला होता. आता कंपनीचे मालक श्यामसुंदर यांनी सांगून टाकलं होतं: लेप चाचणीत टिकला तर रुग्णांवर वापरून बघायची परवानगी मागू, नाही टिकला तर लेपांचं काम बंद, आपण हातमोजे बनवू.

चाचणीसाठी काचेचं मूत्राशय होतं. त्यात नळी बसवायची, जंतू सोडायचे, लघवी थेंबथेंब वाहती ठेवायची आणि साध्या नळीपेक्षा लेपाची नळी किती जास्त टिकते ते बघायचं. रसायनं कालवून केलेली लघवी नसीमबानूंना पटत नव्हती, माणसाचीच हवी. रीतसर संमती घेऊन बावधनच्या एका डॉक्टरांचे नळीवाले पेशंट नमुने द्यायला तयार झाले.

त्यांत पहिले हिंदुराव. गाव पुण्यात आलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, तरी हिंदुराव आपल्या बैठ्या घराच्या ओट्यावर लघवीची पिशवी धोतराखाली झाकून बसलेले. मणक्याला मार बसल्यापासून काठी टेकत चालता येई, पण मूत्राशयापर्यंत हुकूम पोचत नसे. नळी सारखी तुंबायची, ताप यायचा. बायको सोजरबाई त्यांची नर्सही आणि फौजदारही.

"नमुना कशाला पायजे?" सोजरबाईंनी विचारलं.

"नवी नळी बनवतेय, मावशी. ती काकांसारख्यांच्या लघवीत टिकते का बघायचंय."

"म्हंजी ह्यांच्यावर तुझी परीक्षा हाय म्हण की."

"तसंच."

"मग तू काळजी करू नगंस."

नमुने येऊ लागले. लेपाच्या नळ्या आठवडे उलटले तरी लख्ख. श्यामसुंदर रोज सकाळी काचेच्या मूत्राशयाचं दर्शन घ्यायचे. उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी होती. नमुने पातळ आहेत हे नसीमबानूंना दिसत होतं, पण लख्ख नळीला उलटा प्रश्न कोण विचारतो? शेवटी तो शेजारच्या साध्या नळीनं विचारला. लेप नसलेली ती कधीच तुंबायला हवी होती. तीही खुशाल वाहत होती.

नसीमबानूंनी स्कूटर काढली आणि बावधन गाठलं.

"मावशी, काका हल्ली काय खातात-पितात?"

सोजरबाई खुलल्या. "सकाळी जवाचं पाणी. मग धण्याचं. दुपारी शहाळं. तांब्या हालू देत न्हाई जवळनं. दवाखान्यात समद्या बायकांना सांगितलं, पोरीची परीक्षा हाय, दारात आलेल्याला नासकं द्यायचं नसतं. तुळजाबाई तर नवऱ्याला रोज कलिंगड चारती."

"पिशवी वतण्यातच दिस जातो माझा," हिंदुराव म्हणाले. "पर एक हाय. मदल्या काळात ताप आला न्हाई बगा."

नसीमबानू ओट्यावरच बसल्या. हसावं की रडावं हे ठरायच्या आत सोजरबाईंनी त्यांच्याही हातात धण्याचं पाणी ठेवलं होतं.

श्यामसुंदरांनी ऐकून घेतलं. "त्यात काय? आठवडाभर पूर्वीसारखं कमी प्यायला सांगा."

"पूर्वीसारखं म्हणजे तापासकट."

"बाई, आपल्याला नमुना हवाय ना?"

"नमुना हवाय. काकांचा ताप नकोय."

"मग हातमोज्यांचं मशीन बघायला कधी जायचं, ते सांगा," श्यामसुंदर म्हणाले.

त्याच आठवड्यात रमजान लागला, तोही भर मे महिन्यात. इफ्तारची वाट बघत दस्तरखानावर बसलेल्या हमीदकडे नसीमबानू टक लावून बघू लागल्या.

"तुम्ही पहाटेपासून पाणी प्यायला नाहीत."

"रोज्यात कोण पितं?"

"उद्यापासून संध्याकाळचा नमुना द्याल?"

हमीदनं हातातला खजूर खाली ठेवला. "बानू, निकाहाआधी तुझ्या अब्बांनी मला बरंच काही विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं."

संमतीच्या कागदावर त्यानं सही केली, दीर इम्तियाजनंही केली, पण दोघांनी अट घातली की अम्मीला कळता कामा नये. नमुने आले ते कडक चहाच्या रंगाचे. त्यात हिंदुरावांच्या जुन्या नळीवरचेच जंतू सोडले. साधी नळी बघता बघता तुंबली. लेपाची नळी तिच्या दुप्पट टिकली, आणि मग तीही तुंबली.

"दुप्पटच?" श्यामसुंदर म्हणाले. "आधी तर तुंबायचं नाव घेत नव्हती."

"ते पाण्याचं काम होतं, लेपाचं नव्हे. अहवालात तसंच लिहिलंय."

श्यामसुंदरांनी अहवाल उलटा केला, सुलटा केला. रुग्णांवर वापरायची परवानगी मागणं लांबलं. "आणखी एक वर्ष घ्या," ते अखेर म्हणाले. "हातमोजे काही पळून जात नाहीत."

रमजान संपायच्या आत नसीमबानू फोन करून बावधनला गेल्या.

"काका, नळी यंदा नाही मिळायची."

"नापास झालीस व्हय?" सोजरबाईंनी विचारलं.

"निम्मी पास."

"मग हुईल पुढल्या साली." हिंदुरावांचे ओठ सुकले होते. पिशवीत गडद, थोडीशीच लघवी. नसीमबानूंनी ओट्यावर नजर फिरवली.

"मावशी, तांब्या कुठंय?"

"आत ठिवलाय. तुझा उपास हाय म्हणं, डाक्टर बोलले. तू येणार म्हणून फोन आला तवापास्नं हे प्याले न्हाईत."

"निर्जळी पाव्हणीम्होरं पानी ढोसायचं का आमी?" हिंदुराव म्हणाले.

नसीमबानू आत गेल्या, तांब्या-पेला घेऊन आल्या, पेला काठोकाठ भरून त्यांच्यापुढे धरला.

"माझा रोजा तुमच्या पाण्यानं मोडत नाही, काका. तुमची नळी मात्र तुंबते."

हिंदुरावांनी भिंतीकडं तोंड फिरवून चोरट्यासारखा पेला रिकामा केला. नसीमबानूंनी दुसरा भरला.