उरलेल्या औषधाची बाटली

पाळणाघरातल्या मावशीच्या तोंडापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. प्रयोगशाळेच्या बाईंनी मुलांच्या आणि मावशीच्याही नाकातले नमुने नेले होते. काल त्यांनी सांगितलं, की बऱ्याच नाकांत अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आहेत. झालं, आज सकाळीच पालक दारात उभे राहिले. सगळ्यांच्या पुढे गोट्याचे बाबा.

"त्या सफाईवालीच्या मुलीला काढा. तिच्याकडूनच आलंय हे."

मावशीने त्या मुलीला कडेवर उचललं. "जंतूंचं कूळही तपासलंय त्यांनी. हिच्या, तुमच्या गोट्याच्या आणि माझ्या नाकात एकाच कुळातले निघालेत. कुणाचे कुणाला गेले ते कुणालाच सांगता येत नाही. काढायचं तर तिघांनाही काढा."

मावशीने गोट्याच्या पिशवीतली अँटिबायोटिकची अर्धी बाटली काढून बाबांच्या हातात कोंबली.

"गेल्या आजारपणातलं उरलेलं हे. पोरगं शिंकलं की डॉक्टरांना न विचारता चमचाभर पाजा म्हणालात. एवढी तोंडाळ मी, पण मुकाट पाजत राहिले. अशानेच निर्ढावतात जंतू. पोरगी इथेच राहणार. बाटली तेवढी घरी न्या."