फटाक्यांनी थांबलेल्या कळा

"लाव! अजून एक माळ लाव! थांबलास कशाला?" माझे चुलते गोठ्याच्या दारातून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की ओझरच्या देवळातली घंटा लाजून गप्प व्हावी.

आमच्या जुन्नर-आंबेगावात गाय व्यायला लागली की आधी फटाके आणतात, मग डॉक्टर. वासावर उसातनं बिबट्या येतो, म्हणून गोंगाट करायचा. त्या दिवशी दिवेलागणीला ट्रॅक्टरवरचा टेप फाटेस्तोवर लावलेला, मी पत्र्याचा डबा बडवतोय. बिबट्या राहू द्या, माळशेजचा डोंगरसुद्धा दोन पावलं मागं सरकला असेल.

पण कळाच थांबल्या. पहिलारू गाय. पाणमोट फुटलेली, वासराचे खूर दिसत होते, आणि ती डोळे पांढरे करून नुसती थरथरत उभी. अजून उशीर झाला तर वासरू आतच दगावणार, हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून सगळे आणखी जोरात ओरडत होते.

डॉक्टर आले ते कानांवर हात ठेवूनच. "बंद करा आधी ते!"

मग त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. "वासरू सरळ आहे, गर्भपिशवीचं तोंडही उघडलंय. पिशवीच आवळत नाही."

"मंग पान्ह्याची सुई मारा की, डॉक्टर," चुलते म्हणाले.

"सुईतलं औषध तिच्याच मेंदूतनं सुटत होतं, आण्णा. ऑक्सिटोसिन. ते रक्तातनं पिशवीला सांगतं, आवळ. तुमी तिला भेदरवलं, मग ॲड्रेनॅलिन सुटलं. त्याचा निरोप उलटा. सैल पड, आत्ता पळायचंय. पिशवीचा स्नायू पायासारखा तिच्या मर्जीनं चालत नाही, निरोप येईल तसा वागतो. तेव्हा गप्प बसा सगळे."

"आन् बिबट्या?"

"गप्प."

दिवा बारीक केला. बाहेर अंधारत चाललेलं, ऊस सळसळत होता. मी तोंड मिटलं, तर दात आतल्या आत एवढे वाजायला लागले की तेही हातानं धरावे लागले. चुलते गव्हाणीला टेकून, गाल फुगवून बसले. उसात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. कुणी हललं नाही. डॉक्टर मागच्या भिंतीच्या खिंडारातून बाहेर बघत एका हातानं गाईची पाठ चोळत राहिले.

बऱ्याच वेळानं गाईनं कान पाडले. मग खाली बसली. तिच्या पोटावरून एक लाट सरकली, थोड्या वेळानं दुसरी, आणि तिसऱ्या-चौथ्या कळेला ओलं, काळं वासरू कडब्यावर घसरलं आणि शिंकलं.

चुलत्यांनी गालातली हवा सोडली. "सुटलो, राव! पर डॉक्टर, येवढ्या शांततेत बिबट्या आला असता म्हंजे?"

"आला होता की. बांधावर बसला होता, मघाशी गेला."

"आन् तुमी सांगितलं न्हाई?"

डॉक्टर बादलीत हात धूत होते. "सांगितलं असतं, तर तुमी ओरडला असता."