मामांच्या बंबातलं पाणी

माझ्या बायकोच्या मामांइतका घाबरट माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांची सगळी भीती वाफेची. कुकरनं शिट्टी दिली की मामा अंगणात. मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले तर बर्फाच्या कारखान्यालासुद्धा वळसा घालणार. तिथे वाफ नसते, गारठा असतो, असं मी एकदा समजावून पाहिलं. "यंत्र म्हंजे यंत्र, जावईबापू," म्हणाले आणि चालू लागले.

मूळ आहे एका इंजिनात. मामांचे आजोबा मुंबईला उपनगरी गाडीच्या इंजिनावर कोळसा मारणारे फायरमन होते. मामांनी ते इंजिन पाहिलेलंही नाही; पण त्याची कथा ऐकल्याशिवाय या घरात पाहुण्याला चहा मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात ते विलायतेहून बोटीनं सुटं सुटं आलं. ठेंगणं, दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या, पाठीला कोळसा; तोंड न फिरवता उलटंही तेवढंच पळायचं. मग विजेच्या गाड्या आल्या आणि बिचाऱ्याच्या नशिबी यार्डात डबे ढकलणं आलं. तिथेच एका सकाळी ड्रायव्हरनं विचारलं, पाणी आहे का? आजोबा न बघताच आहे म्हणाले. बॉयलर कोरडा पडून फुटला. आजोबा घरी आले नाहीत.

म्हणून स्वतःचं लग्न झाल्यापासून मागीलदारी अंघोळीचा बंब पेटवण्याआधी मामा काडी हातात धरून ओरडतात, "पाणी हाय?" मामींनी हातातलं काम टाकून यायचं, झाकण उचलून बघायचं आणि "हाय हो" म्हणायचं. मगच जाळ.

यंदा मामींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या इस्पितळात असेपर्यंत मामा गार पाण्यानं अंघोळ करत होते. एकदा मीच झाकण उचलून आहे म्हटलं, तर त्यांनी काडेपेटी खिशात घातली. माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून मला रागच आला. पण ते दाराकडे बघत होते. "येल ना वो ती?" त्यांनी विचारलं. मी बंबाचं झाकण परत लावलं.

मामी आल्या. हाडांचा नुसता सापळा. माजघरात खाट टाकली. दुसऱ्या सकाळी मामा बंबापाशी उभे राहिले.

"पाणी हाय?"

आतून काहीच आवाज नाही. मग अगदी बारीक ऐकू आलं, "हाय हो."

खाटेवरून त्यांना बंब काय, मागचं दारसुद्धा दिसत नव्हतं. मामांना हे ठाऊक होतं. त्यांनी काडी ओढली, जाळ घातला आणि धोतराचा सोगा डोळ्यांना लावत धुराला शिव्या दिल्या.

झाकण मी हळूच उचलून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.